इंधनबचतीचा प्रवास आणि हातातील ॲप

ऊर्जेची बचत हीच ऊर्जेची निर्मिती होय, हे सूत्र आपल्याकडे नवे नाही. ऑक्टोबर १९७३ मध्ये पश्चिम आशियात युद्ध भडकले आणि त्यानंतरच्या काही महिन्यांतच खनिज तेलाच्या किमती सुमारे चौपट झाल्या. तेलासाठी परदेशांवर अवलंबून असणाऱ्या राष्ट्रांना त्या वेळी प्रथमच तीव्रतेने जाणवले, की प्रवास हा केवळ सोयीचा प्रश्न नसून तो राष्ट्रीय अर्थकारणाचाही प्रश्न आहे. १९७८ साली भारतात पेट्रोलियम संवर्धन संशोधन संघटना अस्तित्वात आली. वाहन ताशी ४५ ते ५५ किलोमीटर वेगाने चालवावे, चाकांतील हवा योग्य ठेवावी, सिग्नलला इंजिन बंद करावे, हा तिचा उपदेश पेट्रोल पंपांवरील फलकांतून घरोघरी पोहोचला.

आज परिस्थिती पालटली आहे, परंतु प्रश्न मिटलेला नाही. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आपणांस अजूनही आयात करावे लागते. बदल झाला आहे तो उपदेशाच्या साधनात. पूर्वी भिंतीवरील फलक जे सांगत असे, ते आता खिशातील स्मार्टफोन सांगू लागला आहे. शिवाय फलकाला जे शक्य नव्हते, तेही तो करतो. या क्षणी, या ठिकाणाहून, या कामासाठी निघणाऱ्या माणसाला कोणता मार्ग कमी इंधनाचा, हे तो दाखवू शकतो. अशा ॲपचे कार्य कसे चालते, जगातील व आपल्या देशातील अनुभव काय सांगतो आणि गावपातळीवरील कार्यकर्त्यांना त्यातून काय घेता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

एका फेरीचे गणित

प्रथम मूळ हिशेब समजून घेणे आवश्यक आहे. तालुक्याच्या ठिकाणापासून १२ किलोमीटर अंतरावर एक गाव आहे असे समजू. जाऊन येऊन प्रवास २४ किलोमीटरांचा. मोटारसायकल लिटरमागे ४८ किलोमीटर धावते असे धरले, तर एका फेरीस अर्धा लिटर पेट्रोल लागते. मोटारगाडी लिटरमागे १६ किलोमीटर जाते असे धरले, तर तिला दीड लिटर लागते. एस.टी.ची गाडी लिटरमागे ४.८ किलोमीटर जाते असे मानल्यास तिला ५ लिटर डिझेल लागते. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत. वाहनाची स्थिती, रस्त्याचा चढउतार आणि चालविण्याची पद्धत यांनुसार ते बदलतील.

आठवडा बाजाराच्या दिवशी गावातील २० माणसे स्वतंत्र मोटारसायकलींवरून गेली, तर १० लिटर पेट्रोल जळते. तीच माणसे एस.टी.ने गेली, तर ५ लिटर डिझेलमध्ये काम होते. एक लिटर पेट्रोल जळाल्यावर सुमारे २.३ किलोग्रॅम आणि एक लिटर डिझेल जळाल्यावर सुमारे २.७ किलोग्रॅम कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. म्हणजे पहिल्या मार्गाने २३ किलोग्रॅम, तर दुसऱ्या मार्गाने साडेतेरा किलोग्रॅम वायू हवेत मिसळतो.

मात्र एवढ्यावरून बस ही केव्हाही काटकसरीची असा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. त्याच बसमध्ये केवळ ८ माणसे असतील, तर ५ लिटर डिझेल त्यांच्यासाठीच जळते. ती आठ माणसे मोटारसायकलींनी गेली असती, तर ४ लिटर पेट्रोलात भागले असते. चौघांना घेऊन जाणाऱ्या मोटारगाडीत प्रत्येकामागे पाऊण पावशेर नव्हे, तर नेमके ०.३७५ लिटर इंधन लागते. एकट्याच्या मोटारसायकलीपेक्षा ते कमीच आहे. तात्पर्य, वाहनाच्या प्रकाराइतकेच महत्त्व त्यातील भरलेल्या आसनांना आहे.

यातूनच सर्वांत महत्त्वाचा मुद्दा निघतो. वेळापत्रकानुसार धावणारी बस प्रवासी थोडे असले तरी सुटतेच. तिचे डिझेल जळावयाचे ते जळतेच. बारा प्रवासी घेऊन निघालेल्या गाडीत आणखी तेरा माणसे आपल्या मोटारसायकली घरी ठेवून बसली, तर साडेसहा लिटर पेट्रोल वाचते आणि डिझेलच्या खर्चात नाव घेण्याजोगी वाढ होत नाही. आठवड्यातून एकदा, वर्षभर असे घडले, तर एका गावाच्या एका फेरीमागे ३३८ लिटर पेट्रोलची बचत होते. त्यासाठी नवी गाडी, नवा रस्ता वा नवे यंत्र लागत नाही. धावत्या गाडीतील रिकामे आसन हा आपल्याजवळचा सर्वांत स्वस्त इंधनसाठा आहे. ते आसन आणि प्रवासी यांची गाठ घालून देणे, हेच या ॲपचे खरे कार्य होय.

ॲपचे चार प्रकार

प्रवासातील ऊर्जाबचतीस साह्य करणाऱ्या ॲपचे स्थूलमानाने चार प्रकार करता येतील.

पहिला प्रकार माहिती देणाऱ्यांचा. गाडी किती वाजता, कोणत्या थांब्यावरून सुटते, कोठे बदलावी लागते, आता ती कोठवर आली आहे, हे ती सांगतात. दुसरा प्रकार तुलना करणाऱ्यांचा. गूगल मॅप्सने ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेत कमी इंधन लागणारा रस्ता दाखविण्याची सोय सुरू केली आणि ती भारतातही आणण्याची घोषणा डिसेंबर २०२३ मध्ये केली. अंतर, चढ, वाहतुकीची कोंडी आणि वेगाचे सातत्य यांचा विचार करून हा रस्ता निवडला जातो. वाहन घेऊनच निघावयाचे ठरल्यावर ही सोय उपयोगी पडते. वाहन न्यावे की नाही, हा अधिक मोलाचा निर्णय मात्र त्यापूर्वीच झालेला असतो.

तिसरा प्रकार प्रोत्साहन देणाऱ्यांचा. इटलीतील बोलोन्या शहरात २०१७ साली ‘बेल्ला मोस्सा’ नावाचा उपक्रम झाला. चालत, सायकलने अथवा बसने जाणाऱ्या नागरिकांच्या खात्यावर ॲपद्वारे गुण जमा होत आणि त्या गुणांच्या बदल्यात स्थानिक दुकानांतून आइस्क्रीम, चित्रपटाचे तिकीट यांसारख्या वस्तू मिळत. माणूस चालतो आहे की वाहनात आहे, हे फोनमधील हालचाल टिपणारी यंत्रणा आणि उपग्रहाद्वारे कळणारे स्थान यांवरून ओळखता येते. चालण्याची लय, सायकलचा वेग, बसचे थांबत थांबत जाणे यांच्या खुणा निरनिराळ्या असतात. कोंडीत अडकलेली मोटार आणि बस यांतील भेद मात्र यंत्रालाही सहज कळत नाही.

चौथा प्रकार एकत्रीकरण करणाऱ्यांचा. रेल्वे, बस, मेट्रो अशा अनेक सेवांची माहिती व तिकिटे एकाच ठिकाणी मिळाली, तर वाहन बदलण्याचा त्रास कमी होतो आणि खाजगी वाहनाचा मोह आवरता येतो.

पोर्टलंडचा धडा : वेळापत्रकाची समान भाषा

आज जगभर फोनवर बसचा मार्ग शोधता येतो, त्याची सुरुवात अमेरिकेतील पोर्टलंड या शहरात झाली. तेथील ‘ट्रायमेट’ या सार्वजनिक परिवहन संस्थेत काम करणाऱ्या बिबियाना मॅकह्यू यांना एक गोष्ट खटकत होती. मोटारीने जावयाचा रस्ता संगणकावर क्षणात सापडतो, परंतु बसने कसे जावे हे शोधणे फार कष्टाचे होते. त्यांनी गूगलशी संपर्क साधला, आपल्या संस्थेचे वेळापत्रक उपलब्ध करून दिले आणि डिसेंबर २००५ मध्ये पोर्टलंडसाठी बसमार्ग शोधण्याची सोय सुरू झाली. पुढे २००६ मध्ये वेळापत्रक मांडण्याची ही पद्धत सर्वांसाठी खुली करण्यात आली.

या पद्धतीतील साधेपणा ध्यानात घेण्यासारखा आहे. थांब्यांची यादी, मार्गांची यादी, फेऱ्यांची यादी, प्रत्येक फेरीची प्रत्येक थांब्यावरील वेळ आणि कोणत्या वारी कोणती फेरी चालते याची नोंद, एवढेच तिचे प्रमुख घटक आहेत. आपल्या एस.टी. आगारातील कोणताही अनुभवी वाहतूक नियंत्रक ज्या गोष्टी मुखोद्गत सांगू शकेल, त्याच या आहेत. पोर्टलंडने केले ते एवढेच, की ही माहिती एका ठरावीक नमुन्यात लिहून सर्वांस खुली केली. भारतात कोची मेट्रोने २०१८ मध्ये या नमुन्यात आपली माहिती खुली केली. त्याच वर्षी दिल्ली शासनाने तेथील इंद्रप्रस्थ माहिती तंत्रज्ञान संस्थेच्या साह्याने बसगाड्यांची माहिती अभ्यासकांना व ॲप तयार करणाऱ्यांना उपलब्ध करून दिली. वेळापत्रक ही सार्वजनिक मालमत्ता आहे, हा विचार या सर्व प्रयत्नांच्या मुळाशी आहे.

बेंगळुरूचा प्रयोग : वेळ बदलली की प्रवास बदलतो

प्रोत्साहनाच्या मार्गाचा एक महत्त्वाचा प्रयोग आपल्याच देशात, स्मार्टफोनचा प्रसार होण्यापूर्वी झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक बालाजी प्रभाकर व त्यांचे सहकारी यांनी इन्फोसिस कंपनीच्या बेंगळुरू येथील सुमारे १४,००० कर्मचाऱ्यांसाठी ऑक्टोबर २००८ ते एप्रिल २००९ या काळात तो राबविला. सकाळच्या गर्दीपूर्वी कचेरीत पोहोचणाऱ्यांच्या नावे गुण जमा होत आणि दर आठवड्यास सोडतीद्वारे काहींना रोख बक्षीस मिळे. गर्दीपूर्वी येणाऱ्यांची संख्या सुमारे दुप्पट झाली आणि बसने येणाऱ्यांचा सकाळचा सरासरी प्रवास ७१ मिनिटांवरून ५४ मिनिटांवर आला. याच विचाराच्या आधारे सिंगापूरमध्ये २०१२ साली रेल्वे प्रवाशांसाठी तशी योजना सुरू झाली.

येथे कोणी वाहन बदलले नाही. बदलली ती केवळ वेळ. कोंडीत उभी असलेली गाडी एकही किलोमीटर न कापता इंधन जाळीत असते. तो वेळ वाचला की इंधनही वाचते. यातून शासकीय कचेऱ्यांना घेण्यासारखा बोध आहे. तालुक्याच्या ठिकाणी सकाळी दहाची बैठक ठेवली आणि त्या बाजूची पहिली एस.टी. साडेदहास पोहोचत असेल, तर तीस सदस्यांना तीस वाहने आणण्याचा आदेश आपणच दिल्यासारखे होते. तीच बैठक अकराला ठेवली, तर कोणत्याही ॲपवाचून बचत साधते.

हेलसिंकीचा अनुभव : उत्साह आणि हिशेब

फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे ‘व्हिम’ हे ॲप २०१६ मध्ये अवतरले. महिन्याची वर्गणी भरली, की त्याच ॲपमधून बस, ट्राम, टॅक्सी, सायकल आणि भाड्याची मोटार वापरता येत असे. स्वतःची मोटार बाळगण्याची गरजच उरू नये, हा त्यामागचा हेतू होता. फिनलंडने या विचारास अनुकूल असा कायदा करून परिवहन संस्थांना आपली माहिती खुली करण्यास सांगितले. जगभरातील नगररचनाकारांनी या प्रयोगाची वाखाणणी केली. तथापि, हे ॲप चालविणाऱ्या कंपनीचे २०२४ साली दिवाळे निघाले. हेलसिंकीची सार्वजनिक परिवहन सेवा आणि तिचे स्वतःचे ॲप मात्र चालू राहिले.

या घटनेचा अर्थ कल्पनाच चुकीची होती असा घेऊ नये. सार्वजनिक प्रवासाचे तिकीट मुळातच स्वस्त असते आणि ते स्वस्तच राहावयास हवे. त्यामुळे मध्यस्थाच्या हाती फारसे काही उरत नाही. म्हणून अशी सोय ही बाजारातील एक वस्तू न राहता रस्ता, पाणी, दिवाबत्ती यांच्याप्रमाणे सार्वजनिक सेवेचा भाग व्हावी लागते, हाच यातील बोध आहे.

महाराष्ट्रातील वाटचाल

महाराष्ट्राला सामुदायिक प्रवासाची मोठी परंपरा आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही आगगाडी धावली. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत विजेवर चालणारी उपनगरी गाडी सुरू झाली. १ जून १९४८ रोजी पुणे ते अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर, या मार्गावर पहिली एस.टी. निघाली. या परंपरेच्या जोडीला मुंबईत २०१० साली सचिन टेके यांनी तयार केलेले ‘एम-इंडिकेटर’ हे ॲप आले. लोकलगाड्यांचे वेळापत्रक इंटरनेट नसतानाही पाहता येत असल्याने ते लाखो चाकरमान्यांच्या नित्य वापरात गेले. पुढे उपनगरी रेल्वेचे तिकीट फोनवर मिळू लागले. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी ‘मुंबई वन’ या ॲपचे उद्घाटन झाले. मुंबई महानगर प्रदेशातील उपनगरी रेल्वे, मेट्रो, मोनोरेल आणि विविध महापालिकांच्या बससेवा अशा ११ सार्वजनिक सेवांचे तिकीट एकाच ठिकाणी मिळावे, ही त्यामागील योजना आहे.

मुंबईत अशी साधने फलदायी होण्याचे कारण उघड आहे. तेथे एक गाडी चुकली, तर थोड्याच वेळात दुसरी येते. ॲपच्या मागे सेवा उभी आहे. ग्रामीण भागात मात्र दिवसातून दोन-तीनच फेऱ्या असणारी गावे अनेक आहेत. तेथे एक फेरी चुकणे म्हणजे एक दिवस वाया जाणे. म्हणूनच चुकीच्या माहितीचे परिणाम तेथे फार दूरगामी होतात. ॲपवर दिसलेली गाडी न आल्यामुळे ज्याचा दाखला, दवाखाना किंवा परीक्षा हुकते, तो माणूस पुढच्या हंगामात हप्त्यावर मोटारसायकल घेतो. मोटारसायकल एकदा दारात आली, की एस.टी.तील त्याचे आसन वर्षानुवर्षे रिकामे राहते. प्रवासी घटले म्हणून फेरी बंद होते आणि फेरी बंद झाली म्हणून ज्यांच्याजवळ वाहन नाही अशा विद्यार्थिनी, वृद्ध आणि मजूर यांची वाट अडते. इंधनबचतीचा प्रश्न अशा रीतीने शिक्षणाच्या आणि आरोग्याच्या प्रश्नाशी जोडलेला आहे.

मर्यादा आणि दक्षता

ॲपचा पुरस्कार करताना काही गोष्टींचे भान ठेवणे अगत्याचे आहे. प्रत्येकाजवळ स्मार्टफोन नसतो. घरात एकच फोन असेल, तर तो बहुधा कर्त्या पुरुषाच्या खिशात असतो आणि एस.टी.ने प्रवास करणारी मात्र घरातील स्त्री असते. म्हणून जी माहिती फोनवर असेल, तीच थांब्यावरील फलकावरही असली पाहिजे.

दुसरे असे, की माणूस कोठे, केव्हा, किती वेळ गेला, ही अत्यंत खाजगी माहिती आहे. तिच्या संरक्षणासाठी संसदेने २०२३ साली डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा संमत केला आहे. गाडीची वेळ पाहण्यासाठी जे ॲप नावगावासह सारी ओळख मागते, त्याच्याविषयी नागरिकांनी सावध असावे. शाळेने वा ग्रामपंचायतीने असे ॲप सुचविताना ही बाब आधी तपासावी.

तिसरे, बक्षिसाने लागलेली सवय बक्षीस संपल्यावर टिकते काय, हाच प्रोत्साहन योजनेचा खरा निकष होय. टिकाऊ प्रोत्साहन भाड्यात आणि सेवेत असते. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.ने महिलांना प्रवासभाड्यात निम्मी सवलत दिली. अशी सवलत प्रत्येक प्रवासात अनुभवास येते आणि तिच्यासाठी फोनही लागत नाही.

गावपातळीवर काय करता येईल

या विवेचनावरून ग्रामपंचायत, शाळा आणि शासकीय कार्यालये यांच्यासाठी काही साधी कामे सुचविता येतात.

ग्रामपंचायतीने आपल्या गावावरून जाणाऱ्या सर्व फेऱ्यांची यादी आगाराकडून घ्यावी आणि प्रत्यक्षात गाडी किती वाजता येते ते पंधरा दिवस नोंदवून पाहावे. कागदावरील आणि प्रत्यक्षातील वेळेत तफावत आढळल्यास ती नोंदींसह आगार व्यवस्थापकांच्या निदर्शनास आणावी. नुसत्या तक्रारीपेक्षा पंधरा दिवसांच्या नोंदीस अधिक वजन असते. नकाशाच्या ॲपवर आपल्या गावचा थांबा योग्य जागी व योग्य नावाने दाखविला आहे काय, हे गावातील तरुणांकडून तपासून घ्यावे. फाट्यावरचा थांबा गावात आणि गावातला थांबा फाट्यावर दाखविला गेला, तर परक्या माणसाची दोन किलोमीटरांची पायपीट ठरलेली. यादी पक्की झाल्यावर ती चावडीवर, शाळेत आणि आरोग्य उपकेंद्रात मोठ्या अक्षरांत लावावी.

शिक्षकांना या विषयात गणित, भूगोल आणि परिसर अभ्यास या तिन्ही विषयांचा मेळ घालता येईल. विद्यार्थ्यांनी आठवडाभर ‘प्रवासवही’ ठेवावी. घरातील माणसांनी किती किलोमीटर प्रवास केला, कोणत्या वाहनाने केला आणि वाहनात किती जण होते, एवढ्याच तीन गोष्टी तीत लिहाव्यात. कोण कोठे गेले हे लिहू नये. वर उदाहरणादाखल दिलेल्या पद्धतीने माणशी इंधनाचा हिशेब वर्गात करावा. किती प्रवासी झाले म्हणजे बस मोटारसायकलींपेक्षा काटकसरीची ठरते, हे मुलांनी स्वतः शोधून काढावे. आपल्या उदाहरणात ते उत्तर दहा येते, दहाच्या पुढे प्रत्येक प्रवासी बचतीचा.

कार्यालयांनी बैठका, शिबिरे आणि दाखले वाटपाच्या वेळा गाड्यांच्या वेळांशी जुळवून घ्याव्यात. एकाच दिशेने येणाऱ्या कर्मचाऱ्यांनी परस्परांत ठरवून एका वाहनातून यावे. त्यासाठी खास ॲपचीही आवश्यकता नाही, फोनवरील एक साधा गट पुरेसा आहे. २० ऑक्टोबर २०२२ रोजी गुजरातमधील एकतानगर येथे सुरू झालेल्या ‘मिशन लाइफ’ या राष्ट्रीय उपक्रमातही सार्वजनिक वाहनांचा वापर, सहप्रवास आणि जवळच्या अंतरासाठी सायकल यांचा समावेश आहे, हे या संदर्भात लक्षात घ्यावे.

समारोप

ॲप म्हणजे बस नव्हे. ते थांबा बांधीत नाही, रस्ता दुरुस्त करीत नाही आणि बंद पडलेली फेरी सुरू करीत नाही. परंतु जी गाडी धावत आहे, तिच्यातील रिकामे आसन ते दाखवू शकते आणि ज्याला जावयाचे आहे, त्याला वेळेवर थांब्यावर आणू शकते. पोर्टलंडने माहिती खुली केली, बेंगळुरूने वेळेचे मोल दाखविले आणि हेलसिंकीने सार्वजनिक पाठबळाची आवश्यकता पटवून दिली. या तिन्ही ठिकाणच्या अनुभवांत यंत्राइतकाच वाटा माणसाच्या शिस्तीचा आहे. अचूक वेळापत्रक, वेळ पाळणारी गाडी आणि ती भरून नेण्याचा गावाचा निर्धार, ही तिन्ही जेथे एकत्र येतील, तेथे हातातील फोन इंधनबचतीचे समर्थ साधन ठरेल. त्या निर्धाराचा आरंभ गावच्या थांब्यावर लावलेल्या एका अचूक फलकापासून करता येईल.